चहा कोण करणार? घरातल्या कला-विज्ञान बैठकीबद्दल थोडं

बसमध्ये एका हाताने दांडी धरून ऐकत असाल, भांडी घासताना ऐकत असाल, किंवा आवाज बंद ठेवून हे नुसतं वाचत असाल, तुमचं स्वागत. आज पाहुणे नाहीत, मुलाखत नाही. बऱ्याच जणांनी विचारलं होतं की तुमच्या घरी ते महिन्यातून एकदा काय चालतं, ते एकदा सांगा. म्हणून आज मी एकटीच बोलणार आहे.

आधी एक प्रश्न. तुमच्यापैकी किती जणांनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट चित्रकलेच्या परीक्षा दिल्यात? मला माहितीय, बरेच हात वर गेले असणार. दहावीला वाढीव गुण मिळतात ना! आणि मग पुढे काय झालं? अकरावीचा फॉर्म आला. सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? ज्यांनी सायन्स घेतलं त्यांची रंगपेटी माळ्यावर गेली. ज्यांनी आर्ट्स घेतलं त्यांनी भूमितीचं पुस्तक रद्दीत दिलं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी एका फॉर्मवर टिक केली आणि डोक्याचे दोन भाग झाले. ते परत जोडायचे कुठे? कॉलेजात सिलॅबस असतो. ऑफिसात टार्गेट असतं. राहतं काय, तर घर.

तर आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये गेली तीन वर्षं, महिन्यातल्या एका रविवारी, संध्याकाळी पाच ते सात, दहा-बारा माणसं जमतात. दर वेळी एकच विषय, आणि तो असा हवा की त्यात कलाही आहे आणि विज्ञानही. नाव वगैरे काही नाही. आम्ही त्याला बैठक म्हणतो.

तीन वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय, ते आत्ताच सांगते. बैठक रंगते की नाही, हे वक्ता किती मोठा आहे यावर ठरत नाही. मधे काय ठेवलंय, कोण कुठे बसलंय आणि चहा कोण करतंय, यावर ठरतं. हसू नका. पुढे ऐका.

हे आपण पहिल्यांदा करत नाही आहोत

घरात माणसं जमवून अशा गप्पा मारायची पद्धत जुनी आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये मादाम जोफ्राँ नावाच्या बाई होत्या. त्यांच्याकडे सोमवारी चित्रकार आणि शिल्पकार जेवायला यायचे, बुधवारी लेखक आणि तत्त्वज्ञ. गप्पांचा लगाम बाईंच्या हातात.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या आसपास त्याच शतकात लूनर सोसायटी होती. वाफेच्या इंजिनवाला जेम्स वॅट, चिनी मातीची भांडी करणारा जोसाया वेजवुड, डॉक्टर आणि कवी असलेला इरॅस्मस डार्विन, म्हणजे उत्क्रांतीवाल्या डार्विनचा आजोबा, असे सगळे एकमेकांच्या घरी जमायचे. लूनर का? कारण भेटायचे पौर्णिमेच्या आसपास. रस्त्यावर दिवे नव्हते. रात्री घरी परतताना चांदणं हवं. मला हे फार आवडतं. आपण मीटिंग ठरवताना ट्रॅफिक बघतो, ते चंद्र बघायचे.

पण माझी सगळ्यात लाडकी गोष्ट व्हिएन्नाची. तिथे 1900 च्या सुमाराला बेर्टा झुकरकांड्ल नावाच्या पत्रकार बाई होत्या. त्यांचे पती एमिल हे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक. बेर्टांच्या दिवाणखान्यात चित्रकार गुस्टाव क्लिम्ट यायचा, संगीतकार यायचे, डॉक्टर यायचे. गुस्टाव माहलर आणि त्याची पुढे बायको झालेली आल्मा यांची गाठ 1901 मध्ये याच घरी पडली. आणि क्लिम्टला काय मिळालं? एमिल यांनी चित्रकारांसाठी शरीररचनेवर व्याख्यानं दिली. त्वचेखाली काय असतं, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात, हे चित्रकारांनी पाहिलं. क्लिम्टच्या चित्रांत कपड्यांवर जी नक्षी आहे ना, गोल, लांबट गोल, त्यात पेशींसारखे आकार दिसतात. मेंदूवरच्या कामासाठी 2000 मध्ये नोबेल मिळालेले एरिक कँडेल यांनी त्याचा धागा याच ओळखीशी जोडलाय. त्यांचा स्वतःचा जन्म व्हिएन्नाचा.

आणि आपल्याकडे? टाटा मूलभूत संशोधन संस्था, टीआयएफआर. आज कुलाब्याला समुद्राकाठी तिची केवढी मोठी इमारत आहे. पण 1945 मध्ये ती बंगळूरहून मुंबईला आली तेव्हा पेडर रोडवरच्या केनिलवर्थ नावाच्या बंगल्यात होती. होमी भाभांच्या मावशीचं घर. भाभांचा जन्मही तिथलाच. भाभा स्वतः चित्रं काढायचे, आणि पुढे संस्थेच्या भिंतींसाठी त्यांनी भारतीय चित्रकारांची चित्रं विकत घेतली. हुसेन यांचं मोठं भित्तिचित्र तिथे आहे. अणुविज्ञान आणि चित्रकला एकाच छताखाली, आणि सुरुवात एका घरातून.

आता एक अडचणीची गोष्ट. पॅरिसला आणि व्हिएन्नाला दिवाणखाना बाईच्या हातात होता. आपल्या जुन्या वाड्यात बैठकीची खोली पुढे आणि माजघर मागे. पुढे चर्चा, मागे चूल. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत लिहिलंय की त्या शिकायला लागल्या तेव्हा घरातल्या बायकांकडूनच त्यांना किती ऐकून घ्यावं लागलं. म्हणजे ‘बैठक’ हा शब्द आपण आनंदाने घेतो, पण त्या शब्दाला मागे एक दार आहे आणि त्या दाराआड कोणीतरी उभं आहे. घरात बैठक करायची तर ते दार आधी उघडावं लागतं. ते कसं, त्याचा एक किस्सा आहे. पण त्याआधी तबला.

तबल्याची संध्याकाळ

त्या रविवारी सतरंजीच्या मधोमध तबला होता. विषय एका ओळीचा: तबल्याच्या मधे तो काळा गोल कशाला?

आलेल्यांत कॉलेजात फिजिक्स शिकवणारे एक सर होते, तबला शिकणारा एक मुलगा होता, आणि त्या मुलाने आपल्याबरोबर एका काकांना आणलं होतं. काका तबले बनवतात, दुरुस्त करतात. पुडी बसवायची, वादी ओढायची, शाई लावायची. आयुष्यभर हेच काम.

काका आले आणि दाराशी, चपलांच्या शेजारी, सतरंजीच्या कडेला बसले. सर खुर्चीवर. कोणी त्यांना तसं बसा म्हणालं नव्हतं. आपलं आपण होतं ते. मी तबला उचलला आणि काकांच्या समोर नेऊन ठेवला. म्हटलं, काका, हा तुमच्याजवळ राहू दे. झालं! सगळ्यांना त्यांच्याकडे तोंड करून बसावं लागलं, आणि खुर्चीवरून नीट दिसेना म्हणून सर खाली उतरले. यजमानाचं निम्मं काम हे असं असतं. भाषण न करता सतरंजी फिरवायची.

आधी सरांनी सांगितलं. तार छेडली की तिच्या मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वरही उमटतात. पूर्णांकात. म्हणून कानाला ते गोड लागतं. पण साध्या ताणलेल्या गोल पडद्याचं तसं नाही. तिथे मूळ स्वराच्या 1.59 पट, 2.14 पट, 2.30 पट अशी वेडीवाकडी गाडी चालते. म्हणून नुसत्या डफाचा आवाज दणदणीत असतो, पण त्यात सूर सापडत नाही. तबल्याचा मात्र षड्जाला लावता येतो. का? मधे शाईचं वजन आहे म्हणून. त्या वजनाने पडद्याची वेगवेगळी कंपनं अशी सरकतात की ती पूर्णांकांच्या जवळ येऊन बसतात. हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्याला असताना अभ्यासलं आणि 1920 मध्ये ‘नेचर’मध्ये छापलं. नोबेल मिळालं त्याच्या दहा वर्षं आधी!

मग आम्ही ते पाहिलं. हे तुम्हीही करू शकता. फायफॉक्स नावाचं एक मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने केलेलं. त्यात ऑडिओ स्पेक्ट्रम असतं. स्टीलच्या डब्याच्या तोंडावर फुगा कापून ताणून बसवा, बोटाने वाजवा, फोन जवळ धरा. स्क्रीनवर शिखरं कशीही विखुरलेली दिसतात. मग तबल्यावर ‘ना’ वाजवा. अनामिका शाईच्या कडेला हलकेच टेकलेली, तर्जनी चाटेवर. शिखरं जवळजवळ सारख्या अंतरावर उभी! बारा माणसं एका फोनवर वाकली होती.

आणि मग कोपऱ्यातून एक मुलगी बोलली. बारावी कॉमर्स. तोपर्यंत ती गप्प होती. म्हणाली, “पण शाई किती लावायची, ते कोण ठरवतं?”

सर थांबले. मग हसून काकांकडे बघायला लागले.

काका म्हणाले, “ऐकून.”

मग काका बोलायला लागले. लोखंडाची बारीक पूड आणि खळ. एक पातळ थर लावायचा, जरा सुकत आला की गुळगुळीत दगडाने घोटायचा, वर पुढचा थर. मधे जाड, कडेला पातळ. प्रत्येक थरानंतर बोटाने वाजवून बघायचं. “थर वाढला की आवाज बदलतो. एका थराला तो बोलायला लागतो. तिथं थांबायचं. पुढं गेलात तर मुका होतो.” पावसाळ्यात कातडं ओल धरतं, तेव्हा हिशेब वेगळा. हे सगळं बोलताना त्यांची बोटं पुडीवरून फिरत होती, आणि मग त्यांनी हातोडी मागितली. तबल्याला सोळा घरं असतात. दोन वाद्यांच्या मधली जागा म्हणजे एक घर. समोरासमोरच्या घरांचा आवाज जुळला पाहिजे. ते एका घरावर गजऱ्याला हलकी ठोक द्यायचे, आणि सरांच्या हातातल्या फोनवर शिखर जरासं सरकायचं. सर म्हणाले, “थांबा, परत मारा, परत मारा.” प्राध्यापक विद्यार्थी झालेले मी पाहिलेत ते तिथे.

रामन यांनी ‘का’ सांगितलं, आणि ते थोर काम आहे. पण ‘कसं’ हे त्याआधी कितीतरी पिढ्या कारागिरांच्या बोटांत होतं.

नंतर तबला शिकणारा मुलगा जे बोलला, ते कोणाला अपेक्षित नव्हतं. म्हणाला, आम्ही वाद्याला नमस्कार करतो, पाय लागला तर कान पकडतो. पण पुडी चामड्याची आहे, आणि चामड्याचं काम करणाऱ्याला आपण कुठे बसवलं इतकी वर्षं? खोलीत एकदम शांतता. काकांनी कोणाला दोष दिला नाही. एवढंच म्हणाले, माझा मुलगा हे शिकला नाही, तो डिलिव्हरीचं काम करतो, त्यात रोजचे पैसे रोज मिळतात. बैठकीत उत्तर सापडलं नाही. सापडायलाच हवं होतं असंही नाही. पण शाईची फिजिक्स समजून घ्यायची आणि शाई लावणारा माणूस पुढच्या पिढीत असेल का हे विचारायचं नाही, हे काही बरोबर नाही, एवढं त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

म्हणून आमचा एक नियम आहे. बैठकीला फी नाही, पण हाताने काम करणारा माणूस आपला वेळ देतो तेव्हा त्याला मानधन. सगळे वर्गणी काढतात. प्राध्यापकाचा रविवार सुट्टीचा असतो, कारागिराचा धंद्याचा. काकांनी पाकीट उघडून पैसे मोजले आणि मग खिशात ठेवले. मला ते फार आवडलं.

आता चहाचं

पहिल्या बैठकीला माझी आई गॅसपाशी उभी होती. बारा कप चहा, पोहे, मधे कोणीतरी पाणी मागतंय. तिने अर्धं भाषण पातेल्याच्या आवाजात ऐकलं. दुसऱ्या बैठकीच्या आधी तिने सरळ जाहीर केलं, “ज्याला चहा हवा त्याने करायचा. मी बसणार आहे.”

तेव्हापासून चिठ्ठ्या टाकतो. दोन नावं निघतात, ती दोघं चहा करतात. आणि चहा उकळत असताना विषय पुढे न्यायचा नाही. दहा मिनिटं सगळं बंद. कोणाचं काही चुकत नाही. वर, ज्याला साखरेचा डबा कुठे आहे हे माहीत नाही अशा पाहुण्याला तो शोधायला लावला की त्याचा मोठेपणा आपोआप गळतो. एका डॉक्टरांनी आमच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा आलं किसलं.

आणि आई बसायला लागली म्हणून आमची एक उत्तम बैठक झाली. तिने तिच्या माहेरची लक्ष्मीची जुनी तसबीर काढली. रविवर्मा छाप. राजा रविवर्मांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. जर्मन यंत्रं, जर्मन कारागीर. तंत्र शिळाछापाचं, आणि त्याच्या मुळाशी एकच गोष्ट: तेल आणि पाणी मिसळत नाहीत. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, तेलकट शाई फक्त तेलकट जागी बसते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. आम्ही कागदावर तेलखडूने रेघा मारल्या आणि वरून पातळ जलरंग फिरवला. रेघेवरून पाणी पळतं. दहा रुपयांत प्रयोग.

मग भिंग घेऊन तसबीर पाहिली, आणि शेजारी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर. कॅलेंडरवर निळे, किरमिजी, पिवळे, काळे ठिपके, ओळीत, शिस्तीत. जुन्या लक्ष्मीच्या गालावर मात्र हाताने दिलेले ठिपके, कुठे दाट, कुठे विरळ. सगळे वेडे झाले होते. आणि आई म्हणाली, “माझ्या आजीने हिच्यासमोर पन्नास वर्षं दिवा लावला. तिला ठिपके दिसले नाहीत. मग तिला काय दिसत होतं?”

मेडिकलच्या एका मुलाने डोळा आणि मेंदू ठिपके कसे जोडतात ते सांगितलं. एका चित्रकाराने सांगितलं की चेहऱ्यावर प्रकाश कुठून पडतोय त्यावर भाव ठरतो. एक आजोबा म्हणाले, देवळाच्या पायऱ्या ज्यांना बंद होत्या त्यांच्याही घरात या छापाने देव आला. तिन्ही उत्तरं खरी, आणि आईचा प्रश्न तरी शिल्लकच. असा प्रश्न गॅसपाशी उभ्या असलेल्या माणसाला विचारताच येत नाही. त्याला बसावं लागतं.

तुम्हाला करायची असेल तर

तुम्ही रूम शेअर करत असाल, हॉस्टेलवर असाल, तरी चालेल. काही गोष्टी सांगते, अनुभवाच्या.

एक. माणसं आठ ते बारा. बारापेक्षा जास्त झाली की सभा होते, मग कोणीतरी उभं राहून बोलायला लागतं.

दोन. मधे वस्तू हवी. प्रोजेक्टर नको. ‘कला आणि विज्ञान यांचं नातं’ असा विषय ठेवलात तर सगळे शहाणे माना डोलावतील आणि बाकीचे मोबाइल बघतील. तबला ठेवा, पैठणीचा पदर ठेवा, पंचांग ठेवा, गच्चीतलं पान ठेवा. वस्तूला हात लावायला सगळ्यांना सारखाच हक्क असतो.

तीन. पहिली पंधरा मिनिटं जाणकारांनी बोलायचं नाही. आधी सगळ्यांनी बघायचं, वाजवायचं, वास घ्यायचा. प्रश्न चिठ्ठीवर लिहायचे, नाव न घालता. सगळ्यात चांगले प्रश्न बिननावाच्या चिठ्ठीतच येतात.

चार. अवघड शब्द आला की कोणीही हात वर करून थांबवू शकतं. ज्याला थांबवलं त्याने तो दहावीच्या मुलाला कळेल असा सांगायचा. नाही सांगता आला तर तो शब्द त्याला स्वतःलाही पूर्ण कळलेला नसतो.

पाच. निमंत्रणाची यादी परत परत तपासा. सगळे एकाच कॉलेजचे, एकाच आडनावाच्या आसपासचे, एकाच पगाराचे असतील तर ती पार्टी. प्रत्येक वेळी दोन माणसं अशी हवीत जी तुमच्या घरी पहिल्यांदाच येतायत. आणि दार उघडल्यावर ती कुठे बसतात, याकडे लक्ष ठेवा.

सहा. रेकॉर्डिंग नाही, रील नाही. पॉडकास्टवालीने हे सांगावं म्हणजे गंमतच आहे! पण कॅमेरा सुरू झाला की “मला कळलं नाही” हे वाक्य खोलीतून निघून जातं. आणि आपली सगळी बैठक त्याच एका वाक्यावर उभी आहे.

सात. सात वाजता संपवा. माणसं दारात, जिन्यात, पार्किंगमध्ये आणखी अर्धा तास बोलतात. ते बोलणं खरं. सोसायटीच्या सेक्रेटरींना मात्र आधी सांगून ठेवा. आमचे सेक्रेटरी दोन वेळा तक्रार करायला आले आणि तिसऱ्या वेळी बसायला.

यासाठी पदवी लागत नाही, मोठं घर लागत नाही. एक सतरंजी, एक वस्तू, आणि आपल्याला जे कळत नाही ते मोठ्याने विचारायची तयारी, बस. तुम्ही काय मधे ठेवाल, ते मला लिहून पाठवा. आमच्या पुढच्या बैठकीला मध्यभागी तांब्याचा बंब आहे, एका तांबट काकांना बोलावलंय. चहाची चिठ्ठी माझ्या नावाची निघालीय.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, आणि जमलं तर एखाद्याचं ऐकून घ्या. नमस्कार!